पेट्रोल कुठून गळतंय? कोकणातल्या छोट्या मोटरसायकलींच्या गळतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गॅरेज गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पेट्रोल गळतीची कामं वर्षातून दोनदा उसळी घेतात, एकदा मे महिन्यात आणि एकदा गणपतीच्या तोंडावर. दोन्ही वेळेला कारण तेच. चाकरमानी घरी येतो, पडवीत महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी बाहेर काढतो, किक मारतो आणि खाली बघतो तर थेंब.

पुढचे प्रश्न गॅरेजच्या बाकड्यावर बसून लोकांनी विचारलेले आहेत. उत्तरं १०० ते १२५ सीसीच्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांना धरून दिली आहेत; कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग. इंजेक्शनवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे, तो खाली सापडेल. गळतीचं सगळं काम एका वाक्यावर चालतं: ओल खाली दिसते, दोष वर असतो. त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथे पाना लावू नका.

शिमग्याला गाडी ठीक होती. गणपतीला आलो, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला आणि कार्बोरेटरखाली धार लागली. मधल्या काळात कोणी हातही लावला नाही, मग बिघडलं काय?

हात लावला नाही, हेच बिघडलं. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते. तिच्यात पेट्रोल साठतं, त्यावर फ्लोट तरंगतो, आणि वाटी भरली की फ्लोट वर येऊन एका छोट्या पिनेने पेट्रोलचं तोंड बंद करतो. गाडी तीन-चार महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे फणसाच्या चिकासारखा एक थर राहतो. त्या चिकात पिन अडकते. ती उघड्या अवस्थेत अडकली असेल, तर कॉक उघडल्यावर पेट्रोलला थांबवणारं कोणी उरत नाही.

कॉक बंद करा. स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने वाटीवर हलकेच दोन-तीनदा ठोका. वाटी ॲल्युमिनियमची असते, हातोडी नको. मग कॉक उघडून दोन मिनिटं बघा. निम्म्या वेळा पिन सुटते आणि गळती थांबते. थांबली तर वाटीच्या ड्रेन स्क्रूने जुनं पेट्रोल बाटलीत काढून टाका आणि आरतीला जा. थांबली नाही तर कार्बोरेटर खोलावा लागेल.

गळती नेमकी कुठून होतेय हे शोधायचं कसं?

घाई न करता. या कामाला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास वाचवण्याच्या नादात लोक चांगले पार्ट बदलतात.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गाडी खळ्यात किंवा अंगणात, मोकळ्या हवेत, मेन स्टँडवर उभी करा. साइड कव्हर काढा, जमलं तर सीटही. टाकीच्या पोटापासून कार्बोरेटरपर्यंत सगळं सुती चिंधीने पुसून कोरडं करा. आपल्याकडे तांबडी माती इतकी बसलेली असते की ओल शोधायची म्हणजे चिखलातून शोधायची. पण पुसायच्या आधी एक नजर टाका. जिथे पेट्रोल रोज थोडं थोडं झिरपतं, तिथे माती काळपट होऊन घट्ट चिकटते, किंवा उलट, एखादा पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. हा पट्टा वरच्या टोकाला जिथे सुरू होतो, तिथे संशय धरायचा.

मग तीन टप्पे. पहिला, कॉक बंद ठेवून दहा मिनिटं थांबा. कॉक बंद असूनही ओल आली, तर दोष टाकीत, कॉक टाकीला बसतो त्या जोडात, किंवा पेट्रोल काटा असलेल्या गाडीत टाकीच्या पोटाखाली बसवलेल्या सेन्सरच्या पॅकिंगमध्ये आहे. दुसरा, कॉक उघडा पण गाडी चालू करू नका. आता ओल आली तर कॉकचा खटका, पाइप, फ्लोटची पिन किंवा वाटीचा जोड. तिसरा, वरच्या दोन्हींत सगळं कोरडं निघालं तरच गाडी चालू करा. चालू गाडीतच गळत असेल तर कंपनाने उघडझाप करणारी पाइपची चीर किंवा सैल क्लिप असते.

तरीही दिसत नसेल तर घरातली अंगाला लावायची पावडर घ्या आणि कोरड्या केलेल्या जागेवर फुंकरीने उडवा. पेट्रोलचा एक बारीक ओघळ आला तरी पांढऱ्यावर गडद रेघ उमटते. त्या रेघेचं वरचं टोक म्हणजे तुमचा चोर.

खाली ओल आहे, पण ते पेट्रोल, ऑइल की पावसाचं पाणी?

वर्तमानपत्राचा कागद गाडीखाली टाका. पेट्रोलचा डाग काही मिनिटांत उडून जातो आणि कागद जवळजवळ पूर्ववत होतो. ऑइलचा डाग राहतो आणि कागद उजेडात धरला तर तिथे पारदर्शक दिसतो. पाण्याने कागद सुरकुततो. जुलै महिन्यात गळती म्हणून आलेल्या गाड्यांत दोन-तीन तरी सीटखाली साठलेल्या पाण्याच्या असतात.

वास येतो, थेंब मात्र कधीच दिसत नाही.

बहुतेक वेळा टाकीच्या झाकणाचं रबर किंवा पाइपची एखादी केसाएवढी चीर. गरम इंजिनावर पडलेलं पेट्रोल थेंब होण्याआधीच उडतं. सकाळी, गाडी रात्रभर गार झाल्यावर, वरची तपासणी पुन्हा करा. एक अनुभव असाही आहे की वास गाडीचा नव्हताच, पडवीत शेजारी ग्रासकटरचा कॅन झाकण सैल ठेवून उभा होता.

कार्बोरेटरच्या खाली एक बारीक नळी लोंबते, तिच्यातून पेट्रोल येतंय. नळीच बंद करून टाकू का? एकाने स्क्रू ठोकायला सांगितलाय.

अजिबात नको. ती ओव्हरफ्लोची नळी. वाटीत पेट्रोल जास्त झालं तर ते बाहेर जावं म्हणूनच ती दिलेली आहे. ती बुजवली तर जादा पेट्रोल इंजिनात जाईल आणि मग काय होतं ते खाली ऑइलच्या प्रश्नात वाचा. या नळीतून थेंब येतात म्हणजे गाडी तुम्हाला सांगतेय, की माझी पिन बंद होत नाही.

पिन बंद न होण्याची कारणं चार. पिनेच्या बैठकीवर कचरा, पिनेचं टोक झिजलेलं, फ्लोटला भोक, किंवा फ्लोट वाकून त्याची उंची बिघडलेली. वाटी खोलली की चारही दिसतात. वाटीचे स्क्रू फुल्लीचे आणि मऊ असतात, नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर दाबून धरूनच फिरवा. खारट हवेत ते जाम होतात. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं की सकाळी सुटतात.

फ्लोटच्या बिजागरीची काडी हळूच सरकवून फ्लोट काढा, पिन त्याच्यासोबत येईल. पिनेच्या टोकाला काळं रबर असतं. ते उजेडात तिरकं धरा. नव्या पिनेचं टोक गुळगुळीत, सलग दिसतं. झिजलेल्या टोकाभोवती एक गोल खाच पडलेली असते, अंगठीचा वळ बोटावर उठतो तशी, आणि नख फिरवलं तर ते तिथे अडखळतं. अशी पिन पुसून परत लावण्यात अर्थ नाही. फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल डुचमळण्याचा आवाज आला तर त्याला भोक आहे. खात्री करायची तर गरम पाण्यात बुडवून धरा, भोकातून बुडबुडे येतात. भोक पडलेला फ्लोट चिकटवू नका. डिंकाचं वजन वाढलं की तो पूर्वीसारखा तरंगत नाही.

पिनेची पितळी बैठक कापसाच्या काडीने पुसा. तार किंवा सुई खुपसू नका, पितळ मऊ असतं आणि एक चरा पडला की कुठलीच पिन तिथे बसत नाही.

जोडल्यावर गाडीला लावण्याआधी एक चाचणी. पेट्रोल यायच्या तोंडाला नवी कोरडी नळी लावा. कार्बोरेटर सरळ धरून फुंका, हवा जायला हवी. उलटा धरून फुंका, नुसत्या फ्लोटच्या वजनाने हवा अडायला हवी. फुंकर तोंडाचीच, हलकी. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारली तर चांगली पिनही उघडते आणि तुम्ही उगाच दुसरी आणायला चिपळूण गाठता.

पिन नवी टाकली. आठ दिवस बरं चाललं, पुन्हा ओव्हरफ्लो व्हायला लागलं. डुप्लिकेट पिन दिली का?

असेलही, पण मी आधी टाकीत बघेन. झाकण उघडा, टॉर्चने आत उजेड टाका. लायटर किंवा काडेपेटी नको, हे सांगावं लागतं कारण पाहिलंय. मागच्या तळाच्या कोपऱ्यात तांबूस साय दिसली तर उत्तर मिळालं.

कोकणात गळतीची जी कामं फिरून फिरून परत येतात, त्यांतली बहुतेक इथून सुरू होतात. समुद्राची खारट दमट हवा अर्ध्या रिकाम्या टाकीत शिरते. रात्री पत्रा गार झाला की आत दव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं आणि पत्रा खातं. गंजाची ती भुकटी मैद्याहून बारीक असते, कॉकच्या जाळीतून सहज निघते आणि थेट पिनेच्या बैठकीवर जाऊन बसते. एक कण तिथे अडकला की पिन बंद होत नाही. तुम्ही पिन बदलता तेव्हा कण पुसला जातो, म्हणून आठ दिवस बरं चालतं. मग वरून पुढचा कण येतो.

माझं मत स्पष्ट आहे. टाकीत गंज असेल तर टाकी साफ केल्याशिवाय पिनेचे पैसे घालू नयेत. तोवर तात्पुरता उपाय म्हणून कॉक आणि कार्बोरेटरच्या मध्ये छोटा पारदर्शक फिल्टर बसवा. बसवताना पाइपला झोळ पडू देऊ नका, या गाड्यांत पेट्रोल उतारानेच येतं, पंप नसतो. फिल्टरचं पोट तांबूस दिसायला लागलं की टाकीचं काम आणखी पुढे ढकलू नका.

टाकी आतून घरी साफ करता येते का? आमच्याकडे आगळ भरपूर आहे, तांब्या-पितळेची भांडी त्यानेच चकचकीत होतात.

आगळ सोलकढीला ठेवा. कोकमाच्या आंबटपणाने गंज सुटेल, ते खरं. पण आगळात मीठ घातलेलं असतं, आणि मीठ टाकीत गेलं की आज सुटलेला गंज आठवड्यात दुप्पट होऊन येईल. एका काकांनी हे करून पाहिलं होतं. टाकी आठ दिवस आमसुलासारखी वास मारत होती आणि महिन्याने तिला खालून घाम फुटला.

साधं पांढरं व्हिनेगर किंवा बाजारात मिळतं ते लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून वापरा. टाकी गाडीवरून उतरवा, पेट्रोल काढा, कॉक आणि सेन्सर काढून भोकं बंद करा. पाण्याने दोन-तीनदा धुवून पेट्रोलचा वास घालवा, मग द्रावण भरून रात्रभर ठेवा. मूठभर छोटे नटबोल्ट मोजून आत टाकून हलवलं तर पापुद्रे सुटतात. मोजून म्हटलं, कारण तेवढेच बाहेर काढायचे आहेत. सकाळी ओता, खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, आणि लगेच कोरडी करा. हे ‘लगेच’ महत्त्वाचं. साफ झालेला ओला पत्रा आपल्या हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होतो. पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्या, कडक उन्हात ठेवा, शेवटी पेट्रोलात थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मिसळून आत फिरवा. हे काम पावसाळ्यात काढू नका.

आणि टाकी सुकवायला चुलीजवळ ठेवू नका. धुतलेली वाटली तरी तिच्या सांध्यात पेट्रोलचा वाफारा असतो.

वाटी आणि कार्बोरेटरच्या जोडातून झिरपतं. वाटी काढून परत लावली तर आता ओ-रिंग खाचेत मावेचना.

पेट्रोलात भिजून ती फुगलेली असते. नवी घ्यायची तर घ्या, पण रविवारी दुकान बंद असेल तर तिला सावलीत कागदावर दोन-चार तास सुकू द्या. ती आकसते आणि बहुतेकदा पुन्हा मावते. ताणून, वळवून, कोंबून बसवली तर एका ठिकाणी चिमटते आणि तिथूनच गळते. कडक झालेली, चपटी पडलेली ओ-रिंग मात्र फेका. जोडाला सिलिकॉनची पेस्ट लावू नका. साधं सिलिकॉन पेट्रोलात सुटतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकांत, जाऊन बसतात. मग गळती राहते बाजूला, गाडीच चालू होत नाही.

ड्रेन स्क्रूखालून येत असेल तर तो आवळायच्या आधी खोलून पुसून बघा. बहुतेक वेळा वाळूचा कण निघतो. जोर लावून आवळला की आटे जातात आणि वाटी बदलावी लागते.

कॉकच्या खटक्यातून ओल येते.

आतलं चार भोकांचं रबर पॅकिंग गेलं. खटक्यावर पत्र्याची पट्टी आणि दोन स्क्रू असतील तर रिपेअर किट मिळतं आणि काम सोपं आहे. रिव्हेट मारलेला कॉक असेल तर अख्खा बदला. काढण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करा. कॉक काढल्यावर त्याच्या उभ्या नळ्यांवरची जाळी फाटली नाही ना ते बघा. काही कॉकच्या बुडाशी छोटी वाटी असते, ती दहाच्या पान्याने सुटते. तिच्यात साठलेला गाळ वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर काढत जा.

पेट्रोलचा पाइप मध्येच कुरतडल्यासारखा दिसतो.

उंदीर. पडवीत भाताच्या गोणींशेजारी गाडी ठेवली तर दुसरं काय होणार? पाइपला टेप गुंडाळू नका, टेपचा गोंद पेट्रोलात विरघळतो. पाइप लांब असेल आणि टोक कुरतडलं असेल तर तेवढं कापून परत बसवा. नाहीतर नवा टाका. पेट्रोलसाठीचा रबरी पाइप मागून घ्या, आतला व्यास पाच-सहा मिलिमीटर, पण जुना तुकडा सोबत नेलेला उत्तम. कूलरची किंवा फिशटँकची पारदर्शक नळी चालत नाही. ती काही आठवड्यांत पिवळी पडून काडीसारखी कडक होते आणि टोकाला तडकते. जुन्या क्लिपा गंजून ढिल्या झालेल्या असतात, पाइपसोबत त्याही बदला.

टाकीच्या खालून घाम आल्यासारखं पेट्रोल येतंय. रस्त्यात आहे, काय करू?

कपडे धुवायच्या साबणाची वडी. जवळच्या दुकानातून घ्या, जागा पुसा आणि साबण त्या भोकात जोराने घासून भरा. साबण पेट्रोलात विरघळत नाही, त्यामुळे बारीक भोक असेल तर घरापर्यंत निभावतं. पावसात मात्र तो धुवून जातो.

घरी आल्यावर टाकी रिकामी करा. रंगाला फोड आलेले असतील तर तिथला पत्रा आतून संपलाय असं समजा. भोक दिसतं एक, आजूबाजूचा पत्रा चाळणीच्या वाटेवर असतो. एम-सील ओल्या जागेवर धरत नाही. टाकी कोरडी, जागा पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासलेली, आणि मिश्रण चोवीस तास सुकलेलं, असं केलं तर काही महिने जातात. त्यापुढे दुसरी टाकी बघावी. गंज पोटभर असलेल्या टाकीला ठिगळं लावत बसणं मला पटत नाही.

वेल्डिंगबद्दल एकच सांगतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. पेट्रोल स्वतः पेटत नाही, त्याची वाफ हवेत मिसळली की पेटते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेच मिश्रण असतं. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी पुरते. टाकीची कामं नेहमी करणाऱ्या आणि आधी ती वाफेने किंवा पाण्याने नीट धुणाऱ्या माणसाकडेच द्या. शेतावरच्या गेटचं वेल्डिंग करायला आलेल्या माणसाला ‘एवढं जरा बघ’ म्हणून टाकी देऊ नका.

टाकी फुल्ल केली की झाकणाच्या कडेने ओघळ येतो.

कमी भरा. पेट्रोल उन्हात फुगतं. १० लिटर पेट्रोल १० अंशांनी तापलं तर साधारण १०० मिली वाढतं, म्हणजे अर्धा कप. सकाळी गार पेट्रोल गळ्यापर्यंत भरायचं आणि दुपारी किनाऱ्यावर उन्हात गाडी लावायची, मग ते जाणार कुठे? आतल्या पट्टीच्या खाली थांबा. तरी येत असेल तर झाकणाचं रबर बदला.

टाकीत सपाट बसणाऱ्या झाकणांत पावसाचं पाणी वाहून जायला एक छोटं भोक आणि खाली नळी असते. त्यात माती किंवा कुंभारमाशीचं घर बसलं की पाणी झाकणाभोवती साचतं आणि टाकीत उतरतं. मृगाच्या आधी त्यात हवा मारून घ्या.

इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतो, आणि पातळी वाढलेली दिसते.

गाडी चालू करू नका. पिन गळत होती, ओव्हरफ्लोची नळी मातीने किंवा कोणीतरी बुजवलेली होती, आणि पेट्रोल कार्बोरेटरमधून सिलिंडरमध्ये, तिथून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरलं. असं पातळ झालेलं ऑइल इंजिनाचे भाग घासून खातं. १०० सीसीच्या गाडीत ऑइल असतं जेमतेम ९०० मिली ते एक लिटर, त्यात पावशेर पेट्रोल म्हणजे फार झालं. आधी गळती दुरुस्त करा, मग ऑइल बदला. उलट केलंत तर नवं ऑइलही जाईल.

किक खालीच जात नसेल तर तिच्यावर उभं राहू नका. सिलिंडर पेट्रोलने भरलेला असू शकतो आणि द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कॉक बंद करा, प्लग काढा, प्लगची कॅप दूर बांधून ठेवा, चावी बंद, आणि हळूच किक फिरवून पेट्रोल बाहेर पडू द्या. ते पिचकारीसारखं उडतं, तोंड बाजूला ठेवा.

माझी गाडी बीएस-६, इंजेक्शनची आहे. हेच सगळं लागू?

शोधायची पद्धत तीच, दुरुस्ती वेगळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक आलं आणि छोट्या गाड्यांतही इंजेक्शन आलं. टाकीतला पंप साधारण तीन किलोच्या दाबाने पेट्रोल ढकलतो, त्यामुळे इथे गळती म्हणजे थेंब नसून फवारा असतो, तोही गरम इंजिनाच्या शेजारी. साधा पाइप आणि साधी क्लिप इथे टिकत नाही. वास आला की चावी बंद करा आणि गाडी ढकलत न्या. हे काम घरी करू नका असं मी सहसा कोणाला सांगत नाही, इथे सांगतो.

फेरीबोटीत गाडीखाली पेट्रोल सांडलेलं दिसतं, उतरल्यावर मात्र काही नाही.

जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे करताना गाडी साइड स्टँडवर तिरकी असते आणि बोट हलते. वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि ओव्हरफ्लोतून चार थेंब येतात. कॉक बंद करून ठेवा, मेन स्टँड लावा. रोजचा प्रवास असेल आणि रोज सांडत असेल तर फ्लोटची उंची तपासून घ्या. शेजारी बिडी ओढणारा असेल तर त्याला सांगायला लाजू नका.

हल्लीच्या इथेनॉलमुळे गळती वाढली का?

थोडी, जुन्या गाड्यांत. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांचे रबर पार्ट त्या हिशेबाने आहेत. नव्वदच्या दशकातल्या गाडीचे नाहीत, ते फुगतात, मऊ पडतात. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. वाटीत पांढरी चुन्यासारखी भुकटी दिसते ती याचीच. पण टाकीतल्या वीस वर्षांच्या गंजाचा दोष इथेनॉलवर ढकलू नका.

गळकी गाडी रात्री पडवीत ठेवली तर चालेल ना? बाहेर पाऊस आहे.

न्हाणीतला बंब सकाळी पाचला पेटतो ना? मग नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरत उतार शोधते, उंबऱ्याखालच्या फटीतून आत जाते. बंब, चूल, देवापुढचा दिवा, फ्रिजचा खटका, काहीही पुरतं. कॉक बंद करून गाडी बाहेर ठेवा, वर ताडपत्री टाका, भिजली तर भिजू द्या. बंद खोलीत वास भरला असेल तर दिव्याचं बटण दाबू नका, आधी दारं-खिडक्या उघडा.

पेट्रोल पेटलं तर पाणी मारू नका, आग पाण्यावर तरंगत पसरते. वाळू, माती किंवा ओलं गोणपाट. काढलेलं पेट्रोल विहिरीच्या बाजूला ओतू नका, जांभा सच्छिद्र आहे, ते पाण्यात उतरतं. आणि नळीने पेट्रोल काढताना तोंडाने ओढू नका. चुकून छातीत गेलं तर फुप्फुसांना सूज येते आणि दवाखाना गाठावा लागतो.

दोन सेकंदांना एक थेंब, एवढ्याने काय होतं?

पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबाच्या निम्म्याहून लहान. ढोबळ हिशेबाने एका मिलीत ४५-५० थेंब. दोन सेकंदांना एक म्हणजे रात्रीच्या आठ तासांत १४,४०० थेंब, सुमारे ३०० मिली. गुहागरहून शृंगारतळीला जाऊन यायचं पेट्रोल रोज रात्री जमिनीत.

गाडी रेल्वे पार्सलने मुंबईहून आणली. तिथे ठणठणीत होती, इथे पेट्रोल भरलं तर कॉकमधून गळायला लागली.

पार्सल करताना टाकी रिकामी करावी लागते. रिकाम्या टाकीत कॉकची रबरं सुकून आकसतात. दोन-तीन तास थांबा, पेट्रोल लागल्यावर ती फुगून पुन्हा बसतात. संध्याकाळीही गळत असेल तर पॅकिंग बदला. कॉकचा नट आधीच आवळू नका.

परत मुंबईला निघालोय. गाडी पुढच्या मे महिन्यापर्यंत उभी राहील. काय करून जाऊ?

कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग ड्रेन स्क्रू उघडून उरलंसुरलं काढा. वाटी कोरडी राहिली की चीक धरत नाही. गाडी दोन-तीन महिनेच उभी राहणार असेल तर टाकी पट्टीपर्यंत भरून ठेवा, आत हवा कमी, दव कमी. मेपर्यंत म्हणताय तर पूर्ण रिकामी करा आणि आत टू-टी ऑइल फिरवा. अर्धी मात्र कधीच सोडू नका. ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधा, कुंभारमाशी तिथे घर करते. गाडी भाताच्या गोणींपासून लांब, मेन स्टँडवर. आणि चावी घरी कोणाकडे तरी ठेवून जा, तुम्ही यायच्या आठवडाभर आधी त्यांनी गाडी आमच्याकडे आणून सोडली तर मे महिन्यातली रांग टळेल.